गुरूने नाकारलेली सल्लेखना

म्हैसूरहून साधारण 85 किलोमीटरवर श्रवणबेळगोळ आहे. मराठी माणूस तिथे जातो तो बहुधा गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेली जुनी मराठी अक्षरे पाहायला. समोरच्या चंद्रगिरीवर चढण्याचे कष्ट थोडेच घेतात. तिथल्या खडकांवर आणि शिळांवर शतकानुशतकांची नोंद आहे. कोणत्या मुनीने, कोणत्या साध्वीने सल्लेखना (आहार क्रमाक्रमाने सोडून मृत्यू स्वीकारण्याचे जैन व्रत) घेऊन देह ठेवला, हे त्यात लिहिले आहे. यात्रेकरू त्यांना हात जोडतात.

म्हैसूरच्या के. आर. रुग्णालयात किंवा कुठल्याही मोठ्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत रात्री वेगळीच माणसे येतात. कुणी कीटकनाशक घेतलेले असते. कुणाची छाती धडधडत असते, पण ईसीजी स्वच्छ निघतो. कुणाला चार नातेवाइकांनी धरून आणलेले असते. अशा रुग्णांची रीघ वाढते आहे, अशी जगभरच्या आपत्कालीन विभागांची तक्रार आहे. ‘मला जगायचं नाही, सोडा’ असे म्हणणाऱ्याला मात्र कुणी हात जोडत नाही. त्याला धरून ठेवतात.

हा दुटप्पीपणा नव्हे का? जीव ज्याचा त्याचा, तर डॉक्टर कोण अडवणार?

न्यायालयेही या प्रश्नावर अडखळली आहेत. मानसिक आजाराने ग्रासलेल्या मारुती दुबळ या मुंबईच्या पोलिस शिपायाने महापालिकेच्या कार्यालयापाशी स्वतःला संपवण्याचा प्रयत्न केला, आणि त्याच्यावरच खटला झाला. 1986 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. पी. बी. सावंत आणि न्या. कोळसे-पाटील यांनी आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे दंडसंहितेचे 309 कलमच घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये तेच म्हटले आणि 1996 मध्ये ते फिरवले. 2015 च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखनेलाच आत्महत्या म्हटले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

या प्रश्नाचे उत्तर जैन परंपरेतच आहे. सल्लेखनेची व्याख्या सांगणाऱ्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’चे कर्ते आचार्य समंतभद्र. जैन परंपरा सांगते की, त्यांना भस्मक व्याधी जडली, कितीही खाल्ले तरी भूक शमेना. त्यांनी गुरूंकडे सल्लेखनेची परवानगी मागितली. गुरूंनी ती नाकारली आणि आधी आजार बरा करायला सांगितले. समंतभद्रांनी त्यासाठी मुनिवेषही उतरवला, बरे झाले, पुन्हा दीक्षा घेतली. म्हणजे आजाराच्या तडाख्यात सापडलेल्या माणसाची मरणाची मागणी हा त्याचा निर्णय नव्हे, हे गुरूंनी ओळखले होते. सल्लेखना सर्वांसमक्ष, गुरूच्या अनुज्ञेने, सावकाश घडते. कॅज्युअल्टीतला माणूस एकटा आणि घाईत असतो.

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा याच वाटेने जातो. आपल्यावर कसे उपचार व्हावेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क तो देतो. पण आणीबाणीत ते लिखित लागू होत नाही. कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तेव्हा उपचार करू शकतो, मात्र जास्तीत जास्त 72 तास (ईशान्येकडील आणि डोंगराळ राज्यांत 120), आणि विजेचे झटके उपचार म्हणून द्यायचे नाहीत. अडवण्याचा अधिकार आहे, पण मुदतीचा. हे तारतम्य कौतुकास्पदच.

खोट आहे ती अंमलबजावणीत. याच कायद्याचे 115 वे कलम आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर तीव्र ताण होता असे गृहीत धरते आणि उपचार व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकते. प्रत्यक्षात पोट धुतले, पोलिसांना कळवले, जबाब झाला की पुष्कळदा घरचा रस्ता. मनोविकारतज्ज्ञाची गाठ पडली तर पडली. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत मानसिक आजारांतली उपचारांची तूट 70 ते 92 टक्के निघाली. उपचारांविना राहिलेल्यांपैकी काहीजण मध्यरात्री कॅज्युअल्टीच्या दारात पोहोचतात. त्यांना अडवून ठेवायचे आणि त्या 72 तासांत त्यांच्याशी कुणी बोलायचेही नाही, हे मात्र समर्थनीय नाही.

कॅज्युअल्टीपर्यंत वेळ येऊ नये म्हणून 10 ऑक्टोबर 2022 पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा सुरू आहे. क्रमांक 14416, फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही आणि कन्नडमध्येही.