मुक्कामाचा हक्क

आमच्या चंद्रपुरास वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे गेला म्हणजे माणसाचे मन थंड प्रदेशांकडे धावू लागते, यात नवल नाही. यंदा मात्र हे धावणे नुसते मनाचे राहिलेले नाही. माझा भाचा जर्मनीत नोकरीस आहे. पुढील उन्हाळ्यात त्याच्यासह आम्ही उभयतांनी कॅरव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढावयाचे चाकांवरचे घर, घेऊन ऱ्हाईनच्या काठापासून पोर्तुगालच्या समुद्रापर्यंत जावे असे ठरले आहे. बिछाने, चूल, पाणी, सारे गाडीतच.

महिनाभर नकाशा टेबलावरून उचललेला नाही. शेंगेन करारातील 29 देशांत पाहुण्यास कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते. व्हिसाच्या अर्जासोबत कोठे उतरणार याचा तपशील आणि निदान 30,000 युरोंचा विमा जोडावा लागतो. भाचा शिस्तीचा. परवा तो म्हणाला, "मामा, वाटेल तिथे गाडी उभी करून निजता येणार नाही हं. पुष्कळ ठिकाणी दंड होतो. ठरलेल्या तळावरच रात्र काढायची." मी ते वहीत टिपून घेतले आणि लेखणी तेथेच थांबली.

गडचिरोली जिल्हा 1982 साली वेगळा झाला, त्याच्या थोडे आधीची गोष्ट. मृग लागण्यापूर्वी मूलकडील आमच्या गावाबाहेर गाडी लोहारांच्या दोन गाड्या येऊन उतरल्या. 1568 साली चितोड पडल्यावर छपराखाली न राहण्याची शपथ घेतलेल्यांचे आपण वंशज, अशी या लोकांची परंपरागत समजूत आहे. भाता सुरू झाला. बाया घण मारू लागल्या. चार दिवसांत गावातील नांगराचे फाळ, वखराच्या पाशी, विळे, कुऱ्हाडी सारे शेवटून झाले. पाचव्या दिवशी आजोबांनी मला बोलाविले. "त्यांना सांग, काम झालं, आता पुढं जा म्हणावं." मी नऊ-दहा वर्षांचा होतो, आणि मोठ्यांचा निरोप पोहोचविण्यात मला भूषण वाटले. त्यांच्यातील एका म्हातारीने एवढेच विचारले, "उद्या सकाळी निघालो तर चालेल का?" या प्रश्नाचे उत्तर मला कोणी दिलेले नव्हते, म्हणून मी निरोप पुन्हा एकदा, अधिक मोठ्याने, सांगितला. आभाळ भरून आले होते. वावटळीत गाड्या निघाल्या.

आजोबा दुष्ट नव्हते. परक्याची भीती गावाला असते आणि गावाची जमीन गावाची, हेही खरे. पण भीती होती, तर ती चार दिवस कोठे होती? 1871 च्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा 1952 साली रद्द झाला, परंतु आमची नजर काही त्या तारखेस रद्द झाली नाही. कोणी म्हणेल, तुम्ही तळाचे भाडे भरणार, तेव्हा तुमची गोष्ट निराळी. लोहारांनी काय भरले नव्हते? आमच्या साऱ्या पेरणीची अवजारे त्यांच्या हातून गेली होती. मला तर फरक एवढाच दिसतो की, माझे एक घर चंद्रपुरात पक्के उभे आहे. त्याच्या जोरावर माझे भटकणे ही हौस ठरते. ज्याचे घर म्हणजे ती गाडीच, त्याचे भटकणे हा संशय ठरतो.

युरोपही यातून सुटलेला नाही. फ्रान्समध्ये 5 जुलै 2000 च्या कायद्याने पाच हजारांवर वस्तीच्या गावांवर फिरत्या लोकांसाठी तळ राखण्याची जबाबदारी टाकली. हौशी प्रवाशाचे तळ निराळे आणि या लोकांचे निराळे. आमच्या वहीत अर्थात पहिल्या प्रकारचेच आहेत.

बेत मी मोडलेला नाही. मोडून त्या म्हातारीस काय मिळणार? चाळीस रात्रींचे तळ ठरले आहेत, उरलेले भाचा पाहतो आहे. त्या दिवशी शेवटून घेतलेला आमचा विळा मात्र अजून गावच्या घरी आहे. निघण्याच्या घाईत त्याचे पैसे द्यावयाचे राहिले, असे आई सांगत असे.