संशयाचा भार

२००८ सालची गोष्ट. माझी धाकटी मावशी पुण्यास एका रुग्णालयांत अंथरुणास खिळली होती. रोग बीजाशयाच्या कर्करोगाचा, आणि तो उशिरां समजलेला. हा रोग बहुधा उशिरांच समजतो. कारण पोट फुगणें, भूक मंदावणें हीं त्याचीं पहिलीं लक्षणें इतकीं घरगुती असतात कीं, कोणतीही संसारी बाई तीं ओवा खाऊन निभावून नेते. एके दिवशीं दुपारीं खोलींत दुसरें कोणी नाहीं असें पाहून तिनें मला विचारलें, "अरे, कुठल्याशा अंकात वाचलं होतं, पावडर लावण्यानं हा रोग होतो म्हणून. खरं का रे ते? मी तर लग्न झाल्यापासून लावत आले."

क्षणाचाही विचार न करितां मीं उत्तर दिलें, "छे छे! काही तरीच काय, मावशी! तसं काही एक नाही." तिला बरें वाटलें असावें, निदान तिनें तो विषय पुन्हां काढला नाहीं. पुढें तीन महिन्यांनीं ती वारली.

त्या उत्तराबद्दल मला त्या वेळीं कांहींच वाटलें नव्हतें. परंतु अमेरिकेंतील न्यायालयांतून या पावडरीच्या प्रश्नाचा जो प्रचंड खल गेलीं कांहीं वर्षें चालला आहे, तो वाचतांना तें उत्तर मला वारंवार आठवूं लागलें. मी खोटें बोललों काय? खोटें म्हणावें, तर तें खोटें ठरलेलें नाहीं. खरें म्हणावें, तर तें खरें आहे हें मला ठाऊक नव्हतें. ज्या गोष्टीचा निर्णय झालेला नाहीं, ती गोष्ट निश्चित असल्याप्रमाणें सांगण्याचा अधिकार कोणास आहे, आणि ज्याच्यापाशीं संशय आहे त्यानें तो दुसऱ्यास सांगण्यास बांधलेला आहे कीं नाहीं, हा प्रश्न मला त्या खटल्यांतील कोट्यवधि डॉलरांपेक्षां अधिक महत्त्वाचा वाटतो.

प्रथम वस्तु कोणती तें पाहूं. आपल्याकडे ज्यास शंखजिरें म्हणतात त्या खनिजाची वस्त्रगाळ पूड म्हणजे ही पावडर. खनिजांच्या कठिणपणाच्या मोजपट्टींत त्याचा क्रमांक अगदीं पहिला, म्हणजे तें सर्वांत मऊ. घाम शोषावा, कातडीस कातडी घासूं नये, एवढाच तिचा उपयोग. बाकीचें काम सुवासाचें. अमेरिकेंतील जॉन्सन आणि जॉन्सन या कंपनीनें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती तान्ह्या मुलांसाठीं विकावयास काढली, आणि मुलासाठीं आणलेला डबा साहजिकच आईच्याही हातीं गेला. आपल्या घरांत ती कशी शिरली हें वाचकांस सांगावयास नको. बाळंतिणीच्या खोलींत धुरीच्या व वेखंडाच्या शेजारीं तो डबा एकदां येऊन बसला तो पुन्हां हलला नाहीं. वैशाखांत तर आमच्या घरचीं लहानथोर सर्व माणसें संध्याकाळीं पांढरीं भुतें होऊन हिंडत.

या पावडरीविषयीं दोन निरनिराळे प्रश्न आहेत आणि वर्तमानपत्रांतून त्यांची नेहमीं गल्लत होते. खाणींत शंखजिऱ्याच्या शेजारींच कधीं कधीं ॲस्बेस्टॉसचे तंतू सांपडतात. ॲस्बेस्टॉस कर्करोगास, बीजाशयाच्याही कर्करोगास, कारण होतो याविषयीं आतां वाद उरलेला नाहीं. तेव्हां पावडरींत तो होता कीं नव्हता, हा झाला पहिला प्रश्न. अमेरिकेंतील प्रसाधनें करणाऱ्यांनीं १९७६ सालीं तो नसावा असा नियम आपणच आपणांस घालून घेतला. दुसरा प्रश्न शुद्ध शंखजिऱ्याचा. गुह्यांगाजवळ लावलेली पूड गर्भाशयाच्या व बीजवाहिनीच्या वाटेनें बीजाशयापर्यंत जाऊन तेथें दीर्घकाळ दाह उत्पन्न करिते काय? १९७१ सालीं वेल्समधील कार्डिफ येथील संशोधकांनीं बीजाशयाच्या तेरा गांठी तपासल्या, त्यांपैकीं दहांत त्यांना शंखजिऱ्याचे कण रुतलेले आढळले. येथून संशयास आरंभ झाला.

अकरा वर्षांनीं, १९८२ सालीं, बॉस्टन येथील डॉक्टर डॅनियल क्रेमर यांनीं हा रोग झालेल्या २१५ व न झालेल्या २१५ स्त्रियांस त्यांच्या संवयी विचारल्या. पहिल्यांपैकीं ९२ व दुसऱ्यांपैकीं ६१ जणी अशा रीतीनें पावडर वापरीत असत. आंकडे पाहतांच मनुष्य दचकतो. परंतु कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एक गांठ पडली, एवढ्यावरून कावळ्यास दोषी धरितां येत नाहीं, हें आपल्या शास्त्रकारांनीं केव्हांच सांगून ठेविलें आहे. शिवाय अशा विचारणेंत एक मोठी मेख असते. निरोगी बाई आपण वीस वर्षांपूर्वीं काय लावीत होतों हें विसरून गेलेली असते. रोगी बाई मात्र रात्रंदिवस आठवीत पडलेली असते. माझ्या मावशीनें मला विचारलेला प्रश्नच पाहा. आयुष्यांतील शेंकडों वस्तूंतून तिनें पावडरीचा डबा शोधून काढला, कारण तिला कारण हवें होतें. अशा आठवणीवर उभारलेला पुरावा थोडा जपूनच घ्यावा लागतो.

म्हणून उलटा मार्ग धरण्यांत आला: रोग होण्यापूर्वींच विचारून ठेवावें आणि वर्षानुवर्षें वाट पाहावी. असे चार मोठे अभ्यास एकत्र करून, अडीच लाखांहून अधिक स्त्रियांची माहिती २०२० च्या जानेवारींत प्रसिद्ध झाली. पावडर वापरणाऱ्यांत दर लाखास वर्षाकांठीं ६१ आणि न वापरणाऱ्यांत ५५ जणींस हा रोग झालेला दिसला. हा फरक केवळ यदृच्छेनेंही पडूं शकेल इतका लहान आहे, असें संशोधकांनीं स्वच्छ म्हटलें. परंतु ज्या स्त्रियांचा गर्भाशय काढलेला नव्हता व बीजवाहिन्या बांधलेल्या नव्हत्या, म्हणजे ज्यांच्या शरीरांत ती वाट मोकळी होती, त्यांच्यांत फरक किंचित् अधिक व थोडा पक्का दिसला; आणि २०२४ सालीं आठवणीच्या दोषाचा हिशेब निरनिराळ्या तऱ्हांनीं मांडून पाहिला तेव्हांही कांहीं संबंध शिल्लकच राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्रान्समधील कर्करोग-संशोधन-संस्थेनें २००६ सालीं पावडरीच्या अशा वापरास 'शक्य' कारणांच्या पायरीवर बसविलें होतें. २०२४ च्या जुलैमध्यें तिनें शंखजिऱ्यास 'संभवनीय' या वरच्या पायरीवर चढविलें. या पायऱ्या पुराव्याचें बळ मोजतात, धोक्याचा आकार नव्हे, हें येथें विसरूं नये. त्याच पायरीवर गाईबकऱ्यांचें तांबडें मांसही बसलेलें आहे.

म्हणजे आज प्रामाणिक मनुष्यानें काय म्हणावें? संशय आहे, तो रास्त आहे, आणि जर धोका असेलच तर तो एकेका बाईपुरता लहान आहे. पण 'लहान' हा शब्द कोठें उभे राहून उच्चारावा? लाखांत सहा हा आंकडा एका घराच्या उंबऱ्यावरून पाहिला तर दिसतही नाहीं. तोच कोटि बायकांस डबे विकणाऱ्या दुकानाच्या गल्ल्यावरून पाहिला तर वर्षास सहाशें होतो. घरांतील बाईनें तो आंकडा ऐकून हंसण्यावारी नेला तर तो तिचा अधिकार. दुकानदारानें तिच्या वतीनें तो हंसण्यावारी न्यावा हें निराळें.

न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगतांना गोतमानें प्रमाण व प्रमेय यांच्या पाठोपाठ संशय घातला आहे आणि संशयाच्या लगेच पुढें प्रयोजन. हा क्रम मला मोठा मार्मिक वाटतो. गीतेनें संशयात्म्याची निंदा केली म्हणून आपण संशयास नेहमीं हीन लेखतों. नैयायिकांनीं मात्र त्याला विचाराचें द्वार मानलें. आणि द्वारांत उभें राहिल्यावर पुढें जावें कीं मागें फिरावें, हें आंत काय काम आहे त्यावरून ठरतें. टॅमॉक्सिफेन नांवाचें औषध गर्भाशयाच्या कर्करोगास कारण होऊं शकतें. येथें संशयही नाहीं, खात्री आहे. तरीही स्तनाच्या कर्करोगावर तें डॉक्टर देतात व रोगी घेतात, कारण प्रयोजन मोठें आहे. पावडरीचें प्रयोजन काय? घाम आणि सुवास. त्यासाठीं मक्याच्या पिठाची पावडर होती. त्याच कंपनीची होती. जेथें प्रयोजन इतकें हलकें, तेथें संशय थोडा असला तरी तो पारड्यांत जड व्हावयास पाहिजे. "सिद्ध करून दाखवा, मग सांगूं" हें उत्तर विज्ञानाच्या सभेंत शोभतें; डबा विकणाऱ्याच्या तोंडीं त्याचा अर्थ एवढाच होतो कीं, सिद्ध होईपर्यंतचा भार वापरणारीनें वाहावा, आणि तोही आपण वाहत आहों हें तिला कळूं न देतां.

या भाराचें मोल कसें करावें हें न्यायालयांसही नीट साधलेलें दिसत नाहीं. २०१३ सालीं साउथ डकोटा संस्थानांतील ज्यूरीनें कंपनीनें सूचना न देण्यांत हयगय केली असा निर्णय दिला, पण वादी बाईस एक डॉलरही भरपाई दिली नाहीं. त्यापूर्वीं त्या बाईस तडजोडीखातर तेरा लक्ष डॉलर देऊं केले होते. अट एकच, वाच्यता करावयाची नाहीं. आणि तेवढ्यासाठींच तिनें ते नाकारले. तिला पैसा नको होता, डब्यावर चार शब्द हवे होते. पांच वर्षांनीं सेंट लुई येथें बावीस स्त्रियांच्या दाव्यांत ४६९ कोटी डॉलरांचा हुकूम झाला. अपिलांत तो २१२ कोटींवर आला. इतर कांहीं खटले कंपनीनें जिंकलेही. ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म अंश आपल्या मालांत मधून मधून सांपडल्याचें कंपनीस १९७१ पासून ठाऊक होतें, असें रॉयटर वृत्तसंस्थेनें जुन्या कागदपत्रांवरून २०१८ च्या डिसेंबरांत छापलें; कंपनीनें तें साफ नाकारलें. आपला माल निर्धोक आहे असेंच ती अखेरपर्यंत म्हणत आली आहे. तरीही २०२० सालीं अमेरिका व कानडा येथें आणि २०२३ सालीं सर्व जगांत तिनें शंखजिऱ्याची ही पावडर विकणें बंद केलें. हे सर्व दावे एका नव्या उपकंपनीच्या गळ्यांत बांधून तिचें दिवाळें काढण्याचा उद्योग तीनदां झाला आणि तीनदां न्यायालयांनीं तो हाणून पाडला. शेवटचा २०२५ च्या मार्चमध्यें. (आपल्याकडे मुलुंडच्या कारखान्याचा परवाना २०२२ सालीं रद्द झाला आणि पुढल्या जानेवारींत मुंबई उच्च न्यायालयानें तो हुकूम फिरविला, त्या प्रकरणाचा याच्याशीं संबंध जोडूं नये. तेथें वाद पावडरीच्या सामूचा होता.)

कंपनीस नांवें ठेवणें सोपें आहे, आणि तें मीं वर पुरेसें केलें आहे. पण मावशीच्या उशाशीं बसून मीं जें उत्तर दिलें तें कोणत्या जातीचें होतें? मला कांहीं विकावयाचें नव्हतें हें खरें. तिचा जीव शांत व्हावा एवढाच हेतु. शिवाय जें होऊन गेलें तें परत फिरणार नव्हतें. मरणोन्मुख माणसाच्या हातीं निरुपयोगी संशय देणें ही कांहीं सत्यनिष्ठा नव्हे. १९८२ सालीं ती पस्तिशींत होती. तेव्हां कोणी सांगितलें असतें, तर ती कदाचित् हंसली असती आणि कदाचित् तिनें डबा बाजूस ठेवला असता. संशय सांगण्याची वेळ तीच होती, २००८ नव्हे. आणि तिच्या प्रश्नाचा खरा रोखही मला आतां निराळा वाटतो. कारण कोणतें हें तिला विचारावयाचें नव्हतें. हें आपल्याच हातून तर झालें नाहीं ना, एवढेंच तिला हवें होतें. त्या प्रश्नास "नाही" हेंच उत्तर खरें होतें, आणि तें मी पावडरीचें नांवही न घेतां देऊं शकलों असतों.

बरींच वर्षें मी येथपर्यंत येऊन स्वस्थ राहत असें. २०२४ च्या जुलैमध्यें ती बातमी छापून आली तेव्हां मावशीची मुलगी आमच्याकडे आली होती. मीं तिला सर्व कांहीं समजावून सांगितलें. अभ्यास, आंकडे, पायऱ्या, धोका लहान असल्याचें, आणि मक्याच्या पिठाचेंही. ती शांतपणें ऐकत होती. मग म्हणाली, "दादा, आई गेली त्या वर्षी मी तिला विचारलं होतं, ही पावडर मी लावू का नको. तर म्हणाली, लाव खुशाल. दादाला विचारलंय मी, त्याचं काही नाही."

सोळा वर्षें ती लावीत होती.