"कळत नाही" दोन प्रकारचं असतं



आमच्या काकांनी मध्यंतरी रक्तातली साखर तपासायचं सोडून दिलं. विचारलं तर मोबाइल पुढे केला. त्यात संदेश होता, "विज्ञानसुद्धा मान्य करतं, काहीच नक्की मोजता येत नाही." काका म्हणाले, "मग त्या यंत्राचा आकडा तरी कशाला मानू? सगळं त्याच्या हातात." ऐकायला भक्ती वाटते. पण ती भक्ती आहे का?

आधी मूळ गोष्ट पाहू. १९२७ साली जर्मन शास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग यांनी अनिश्चिततेचं तत्त्व मांडलं. इलेक्ट्रॉनसारख्या कणाची जागा जितकी नेमकी ठरवावी, तितका त्याचा वेग अनिश्चित होतो. इलेक्ट्रॉन अणूएवढ्या जागेत आहे असं ठरलं, की त्याच्या वेगात सेकंदाला पाचशे किलोमीटरहून जास्त अनिश्चितता राहणारच. यंत्र कितीही भारी आणा, ती जात नाही, कारण सृष्टीची घडणच तशी आहे. पण रक्ताच्या एका थेंबात अणू इतके असंख्य असतात, की साखर मोजताना ही अनिश्चितता जाणवतही नाही. तिथे आकडा चुकलाच, तर ती साधी चूक. पुन्हा तपासलं की कळते.

हायझेनबर्ग यांच्याच आयुष्यात एक बोलकी गोष्ट आहे. १९२३ साली म्युनिकला डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत प्राध्यापक वीन यांनी विचारलं, सूक्ष्मदर्शकातून किती बारीक दिसू शकतं आणि का? त्यांना सांगता आलं नाही. कसेबसे पास झाले. चार वर्षांनी आपलं तत्त्व समजावताना त्यांनी नेमकं काल्पनिक सूक्ष्मदर्शकाचंच उदाहरण घेतलं, आणि तिथेच चुकले! कोपनहेगनला नील्स बोर यांनी चूक दाखवली. दोघांचे खूप वाद झाले, हायझेनबर्ग दुखावले. पण शेवटी त्यांनी लेखाला पुरवणी जोडून बोर यांचं म्हणणं मान्य केलं.

बघा, माणूस एकच, पण "कळत नाही" दोन प्रकारचं. एक अभ्यास कमी पडला म्हणून, ते त्यांनी दुरुस्त केलं. दुसरं सृष्टीनेच घातलेली मर्यादा, तिच्यापुढे ते नम्र झाले. दोन्हींची गल्लत केली नाही.

मर्यादा मानली म्हणून शास्त्रज्ञ हात जोडून बसलेही नाहीत. अमेरिकेतली लायगो वेधशाळा प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी हालचाल टिपते. २०१९ पासून तिथे प्रकाशाची एक अनिश्चितता दाबून दुसरी वाढू देतात, म्हणजे हवं ते जास्त नेमकं मोजता येतं. तशीच वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात उभारायला २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे.

म्हणून "त्याची इच्छा" म्हणण्याआधी स्वतःला विचारावं, प्रयत्न केला तर हे कळेल का? कळण्यासारखं असून सोडून दिलं, तर तो आपला आळस, तो देवाच्या माथी मारू नये. प्रयत्न करूनही कळणार नसेल, तर हट्ट सोडणं हीच खरी शरणागती. आणि हो, संदेश पुढे पाठवण्यापूर्वीही हाच प्रश्न विचारावा.

परवा काकांनी पुन्हा बोट पुढे केलं. साखर वाढलेली निघाली, डॉक्टरांनी गोळी बदलली. आयुष्य किती उरलंय, हे मात्र कुणी विचारलं नाही. ते त्याच्याकडे.

जय गुरुदेव 🙏