आवाज चढला म्हणजे विद्रोह झाला?

१९८८ साली मुंबईच्या रॉक मशीन या बँडचा पहिला अल्बम निघाला. ‘रॉक अँड रोल रेनेगेड’. रेनेगेड म्हणजे आपल्याच कळपावर उलटलेला. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. परवा रात्रपाळी सुटल्यावर रिंग खात्यातल्या दोस्तानं तो मोबाइलवर ऐकवला. गिटार करवतीसारखी चालते. ड्रम थेट छातीत. आवडला, खोटं काऊन बोलू?

पण प्रश्न पडला : हे उलटले कोणावर?

१८ जानेवारी १९८२ ला त्याच मुंबईत अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. अल्बम निघेपर्यंत त्यातल्या हजारोंच्या चुली विझल्या होत्या. त्यांच्या घरात ही इंग्रजी गाणी पोचणार नव्हती.

तरी न्यायानं बोलू. त्या काळी आपल्याकडचे बहुतेक रॉक बँड परदेशी गाण्यांची नक्कल वाजवीत. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि साथीदारांनी स्वतःची गाणी रेकॉर्ड केली. उसना शब्द टाकून आपला शब्द लिहिणं किती जड असतं, ते आपण जाणतो. तेवढं बंड त्यांचं खरं.

आणि ही गिटार आली कुठून? मिसिसिपीच्या कापसाच्या रानात राबणाऱ्या काळ्या माणसांच्या ब्लूजमधून. लेड झेपेलिन या गोऱ्या बँडचं १९६९ चं ‘होल लॉटा लव्ह’ जगभर विकलं गेलं. त्यातले शब्द आपले आहेत म्हणून विली डिक्सन या काळ्या गीतकारानं १९८५ मध्ये दावा लावला. १९८७ मध्ये तडजोड झाली. कापूस वेचणारा एक, कापड विकणारा दुसरा. विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

दोस्तहो, आता आपल्या वस्तीत या. १४ एप्रिलला डीजे लागतो. भिंती हादरतात. मीही वर्गणी देतो, मीही नाचतो. गेल्या जयंतीला आजीनं विचारलं, “बाबू, गाण्यात काय म्हणून राहिले रे? शबूदच ऐकू येऊन नाही राहिले.” आजीला अक्षर येत नाही. वामनदादा कर्डकांची गाणी मात्र तोंडपाठ. बाबासाहेब तिला पुस्तकातून नाही, त्या शब्दांतून कळले. आमच्या आवाजानं तिचं पुस्तकच मिटवलं.

आवाज कमी करा, असं पलीकडच्या कॉलनीतले त्यांच्या झोपेसाठी म्हणतात. त्यांचं मी ऐकत नाही. पण शब्द बुडत असेल तर तो विद्रोह नाही, नुसता गोंगाट आहे. विद्रोह कोणाविरुद्ध, कोणासाठी, हे शब्दच सांगतो.

मी मंडळाच्या बैठकीत म्हटलं, यंदा अर्धी वर्गणी शाहिराला द्या, ढोलकीवर गाऊ द्या, म्हाताऱ्यांना पुढं बसवा. एक जण उसळला, “तू त्याहिच्याकडून बोलून राहिला का बे?”

घरी येताना रेनेगेड या शब्दाचा अर्थ मला नीट लागला. बाहेरच्यांवर ओरडणं सोपं आहे. आपल्या माणसांत उभं राहून, आपलंच राहून, नाही म्हणणं जड.

पुढच्या बैठकीत मी पुन्हा उठणार आहे.