जनुक म्हणजे प्रारब्ध नव्हे

समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर, शेख फरीदबाबांच्या दर्ग्यात, हिंदू-मुसलमान दोघेही नवस बोलतात. आजारी लेकरासाठी हात जोडणाऱ्या आईला एकच प्रश्न छळतो: हे माझ्याच वाट्याला का? कर्मसिद्धान्त बोट दाखवतो गेल्या जन्माकडे. विदर्भात पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या सिकलसेल या रक्ताच्या आजारापुरतं तरी हे उत्तर मला अन्यायाचं वाटतं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एक अक्षर बदलतं, ‘जीएजी’चं ‘जीटीजी’ होतं. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं आणि प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. यात पाप कुठेच नाही. उलट हा बदल एकाच पालकाकडून आला, तर तो गंभीर मलेरियापासून बऱ्याच अंशी वाचवतो. म्हणून तर तो टिकला.

पण पापाच्या जागी जनुक बसवून प्रारब्ध तसंच ठेवलं, तर काय मिळवलं? जनुकशास्त्रात संशोधन करू पाहणाऱ्याची खरी परीक्षा इथे आहे. आई-वडील दोघेही ‘एएस’, म्हणजे बदललेल्या जनुकाची एकच प्रत असलेले वाहक असले, तर प्रत्येक गर्भारपणात मूल ‘एसएस’, म्हणजे दोन्ही प्रती बदललेलं आणि आजारी होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. संभाव्यता अशी अंगात मुरायला हवी.

कुणी म्हणेल, आजचं जनुकसंशोधन म्हणजे बायोइन्फर्मेटिक्स, जनुकांच्या माहितीचं विश्लेषण, हे संगणकाचं काम. पायथन, आर, लिनक्स, संख्याशास्त्र आलं की झालं, त्यात तत्त्वज्ञान कशाला? ही कौशल्यं हवीतच, त्यांना पर्याय नाही. मात्र ‘एसएस’ अहवालाची दोन मुलं घ्या: एक नियमित शाळेत जातं, दुसरं हाडं ठणकून पुन्हा पुन्हा दवाखान्यात भरती होतं. गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन अंगात किती उरलंय, यातून हा फरक थोडाफार उलगडतो. संसर्ग, पाणी, वेळेवर मिळालेलं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध यांचाही वाटा असतो. यातलं बरंचसं जनुकाच्या अक्षरांत दिसत नाही, ते रुग्णाच्या कागदावर कुणीतरी नीट लिहावं लागतं. ती नोंद कशी होते हे न पाहिलेला संशोधक अचूक प्रोग्राम लिहूनही चुकीचा निष्कर्ष काढेल.

श्रद्धेने मिळणारा धीर विज्ञानाने हिरावू नये, हा आक्षेप मला मान्य आहे. नवस बोलणाऱ्या आईला थांबवायचं कारण नाही. दोष तिचा नाही, एवढं तिला सांगायलाच हवं. आणि ते ठामपणे सांगायचं तर आधी नोंद नीट हवी. म्हणून समुद्रपूर-हिंगणघाटच्या बीएस्सी झालेल्या मुलामुलींना विनंती: संगणकाचा कोर्स जरूर करा, पण रक्ततपासणीच्या शिबिरात नोंदवही घेऊनही बसा.