कुत्र्याचं पाप

भुऱ्या गेला त्या संध्याकाळी पुतण्याने त्याचा फोटो स्टेटसला लावला आणि खाली लिहिलं, ‘आमचा इमानी साथीदार हरपला’. मला त्या अवस्थेतही हसू आलं. भुऱ्या आणि इमानी? एका पार्ले बिस्किटावर तो कुणाच्याही मागे कोपऱ्यापर्यंत गेला असता. सिलिंडरवाल्याच्या पायात लोळण घ्यायचा. शेजारी चोरी झाली त्या रात्री हा आमच्या पायरीवर घोरत होता. मग तेरा वर्षं या प्राण्याने आम्हाला कशाने धरून ठेवलं? स्टेटस चोवीस तासांत गेलं, हा प्रश्न काही गेला नाही.

जिवंतपणी आपली भाषा कुत्र्याला फारशी भीक घालत नाही. कुत्र्याचं जिणं, कुत्र्याची मौत, हाल कुत्रं खाणार नाही. मेल्यावर मात्र एकदम बढती मिळते आणि तीही एकाच पदावर: इमान. रायगडावरच्या वाघ्याचंच बघा. महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतल्याची कथा सगळ्यांना पाठ आहे. समकालीन साधनांत तिला आधार सापडत नाही. तरी १९३६ साली होळकरांच्या देणगीतून पुतळा उभा राहिला, २०१२ साली तो उखडला गेला, पुन्हा बसवला गेला आणि २०२५ मध्ये तो हटवायची मागणी नव्याने झाली. त्या वादात मला पडायचं नाही. पण पुतळा हवा म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघेही कुत्र्याला जोखतात ते धन्यावरूनच.

महाभारतातही तेच. धर्मराज स्वर्गाच्या दारात कुत्र्यासाठी अडून बसतो तिथे लहानपणी माझे डोळे भरून यायचे. पण पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघतो. सगळी परीक्षा होती म्हणे. एवढी वाट तुडवलेला कुत्रा शेवटी कुत्रा राहतच नाही. मला यात फसवणूक वाटते. एखादं साधं गावठी कुत्रं स्वर्गात गेलं असतं तर काय बिघडलं असतं?

त्यापेक्षा मला जवळचा वाटतो तो कर्नाटकात, मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरचा दगड. इसवी सन ९५०च्या आसपासचा, जुन्या कन्नडमधला लेख. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने तक्कोलमच्या लढाईत चोळांना हरवलं, तेव्हा गंग राजा बूतुग त्याच्या बाजूने लढला होता. बूतुगाचा मनलेर नावाचा एक वीर होता. पराक्रमाबद्दल ‘काय हवं ते माग’ म्हटल्यावर या गड्याने मागितलं काय, तर ‘काळी’ नावाचं कुत्रं. पुढे ते कुत्रं एका मोठ्या रानडुकरावर सोडलं आणि झटापटीत दोघंही मेली. मनलेराने गावातल्या देवळापुढे दगड उभारला आणि त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. दगडावर कुत्रं आणि डुक्कर एकमेकांना भिडलेली कोरली आहेत. आज तो बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. लेखात एक तंबीही आहे: ही जमीन सांभाळणाऱ्या पुजाऱ्याने दगडाची पूजा न करता अन्न खाल्लं, तर कुत्र्याने केलेलं पाप त्याला लागेल.

कुत्र्याने केलेलं पाप! लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा रूढ शापवाणीच असेल, पण मी ती माझ्या सोयीने वाचतो. दगड शौर्यासाठी उभारला, तरी कुत्र्याच्या खात्यावर पापंही आहेत हे तो विसरला नाही.

भुऱ्याची पापं आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहेत. सर्वांत मोठं गणपतीतलं. आई निरांजन आणायला वळली तेवढ्यात याने नैवेद्याच्या पानावरचे पाच मोदक संपवले. केळीच्या पानावर तुपाचा ओघळ तेवढा उरला. नवे मोदक होईपर्यंत देव ताटकळला आणि पुढचे दोन दिवस याला ‘मेल्या’शिवाय हाक नव्हती. आता आई ती गोष्ट सांगते तेव्हा पाचाचे अकरा झालेले असतात.

इमान काय, बहुतेक कुत्र्यांत सापडतं. म्हणून तर लोक सहज म्हणून जातात, ‘आता दुसरं आणा.’ पापं मात्र ज्याची त्याची. दुसरं कुत्रं चप्पल चावेल, पण डावीच चप्पल चावून उजवी जपून कोपऱ्यात ठेवणार नाही.

शेवटी मूत्रपिंडं गेली. एक दिवसाआड सलाईन, मग तेही अंगी लागेना. डॉक्टर म्हणाले, ‘झोपवायचं का, बघा.’ बाबांनी मान हलवली. हो की नाही ते डॉक्टरांनी पुन्हा विचारून घेतलं. त्या टेबलापाशी इमानाची परीक्षा झाली असेल तर ती आमची, आणि आम्ही पास झालो का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेताच्या बांधाशी खड्डा काढला, मीठ पसरलं. सुतक नाही, दहावा नाही. दुसऱ्या दिवशी रजेच्या अर्जावर ‘घरगुती कारण’ लिहिलं. पितृपंधरवड्यात आपण कुत्र्याचा घास काढतो, पण तो पोचायचा असतो पितरांना. गेलेल्या कुत्र्याच्या नावाचा घास मला तरी कुठल्या पोथीत सापडला नाही.

रोज पोळ्या झाल्या की आई परातीला चिकटलेली कणीक खरवडते आणि तिची एक जाड, वेडीवाकडी पोळी लाटते. ती भुऱ्याची. हात अजून थांबलेला नाही. डब्यात ती सगळ्यात वर असते. बाबा जेवायला बसले की आधी ती घेतात, तूप न लावता, आणि मग डबा आमच्याकडे सरकवतात.