बुडवावं ते फक्त आपल्या वाट्याचं



मोशीतल्या आमच्या नव्या फ्लॅटचा ताबा दोन वर्षं लांबलाय. घरभाडं आणि ईएमआय, दोन्ही चालू. काल वैतागून बायकोला म्हणालो, "जाऊ दे, सोडून देऊ. तुकोबांनी नाही का कर्जखतं इंद्रायणीत बुडवली?"

ती म्हणाली, "अरे, पण कान्होबांचा वाटा आधी काढून दिला होता ना?"

मी गप्पच झालो. तुकोबांच्या चरित्रात तसंच सांगतात: निम्मी खतं धाकट्या भावाच्या हाती दिली, बुडवली ती स्वतःच्या वाट्याची. आमच्या डाउन पेमेंटमध्ये बाबांचा पीएफ आहे. त्यावर पाणी सोडणारा मी कोण?

रेरा कायद्याचं कलम 18 दोन वाटा देतं: बाहेर पडून व्याजासह पैसे परत, नाहीतर थांबून ताब्यापर्यंत दरमहा व्याज. आम्ही थांबतोय, महारेराकडे तक्रारही करतोय. निकाल पांडुरंगावर.

पण बिल्डरवरचा राग, मित्रांच्या गृहप्रवेशाचे फोटो बघून होणारी जळजळ, ही खतं माझीच. ती आज इंद्रायणीला.

तुमचं कुठलं खत बुडवायचं राहिलंय?